तिसरा रकाना

इंग्रजी वाक्प्रचारांची पुस्तकं कुठल्याही बसस्टँडवरच्या स्टॉलवर मिळतात. पातळ कागद, भडक मुखपृष्ठ आणि आत दोन रकाने. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे त्याचा अर्थ. बँकेच्या, रेल्वेच्या, स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांना बसणारी मुलं ती पाठ करतात. ‘अ पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं काम. ‘वन्स इन अ ब्ल्यू मून’ म्हणजे क्वचित कधीतरी. ‘टू स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं. ‘टू किक द बकेट’ म्हणजे मरणं. बादलीला लाथ मारली की माणूस मरतो कसा, असं म्हणून मुलं हसतात आणि हसता हसता पाठ करतात.

मी इंग्रजी शिकवतो. पहिल्याच दिवशी मी मुलांना एक नियम सांगतो, की वाक्प्रचार शब्दशः घ्यायचा नसतो. आपल्याकडे ‘पाचावर धारण बसली’ म्हणतात, तेव्हा ती धारण कसली आणि ते पाच कशाचे, हे कुणी विचारत बसत नाही. घाबरगुंडी उडाली एवढं कळलं की झालं. इंग्रजीचंही तसंच आहे. शब्द विसरा, अर्थ धरा.

नियम बरोबर आहे, पण पुरेसा नाही. कारण त्या याद्यांमध्ये अधूनमधून आपण स्वतःच भेटतो. आपण म्हणजे मुसलमान. कुठे मक्का भेटते, कुठे मुफ्ती, कुठे तुर्क, कुठे पर्दा. आणि एका ठिकाणी तर थेट प्रेषितांचं नाव येतं. तिथं ‘शब्द विसरा’ म्हणणं तितकंसं सोपं राहत नाही.

दहावीतल्या एका मुलीनं मला तोच वाक्प्रचार दाखवला. ‘इफ द माउंटन विल नॉट कम टू मोहम्मद, मोहम्मद मस्ट गो टू द माउंटन.’ उजव्या रकान्यात अर्थ होता: परिस्थिती आपल्याप्रमाणे वळत नसेल, तर आपण परिस्थितीप्रमाणे वळावं. तिनं विचारलं, “सर, हे हदीसमध्ये आहे का? अब्बूंना विचारलं तर ते म्हणाले, असेल कुठेतरी.”

ते हदीसमध्ये नाही, कुरआनातही नाही. ते आहे फ्रान्सिस बेकनच्या निबंधात. हा इंग्लंडचा मोठा तत्त्वज्ञ आणि दरबारी मुत्सद्दी. त्याच्या निबंधसंग्रहाची शेवटची, वाढवलेली आवृत्ती १६२५ साली निघाली. तिच्यात ‘ऑफ बोल्डनेस’ नावाचा छोटा निबंध आहे. बोल्डनेस हा शब्द आज कौतुकाचा वाटतो, पण बेकनच्या मनात होती ती बेधडक मिजास, कोडगेपणा. लोकांना भुलवणाऱ्या भोंदूंचं त्याला वर्णन करायचं होतं. उदाहरण म्हणून त्यानं एक गोष्ट सांगितली. मुहम्मद यांनी लोकांना सांगितलं, की मी त्या टेकडीला माझ्याकडे बोलावतो. लोक जमले. पुन्हा पुन्हा हाका मारूनही टेकडी हलली नाही. तेव्हा ते जराही न ओशाळता म्हणाले, टेकडी येत नाही तर मीच तिच्याकडे जातो. पुढे लोकांच्या तोंडी टेकडीचा डोंगर झाला आणि गोष्टीची म्हण झाली.

म्हणजे मुळात ही म्हण जुळवून घेण्याची नाहीच. फजिती झाली तरी तोंड वर करून वावरणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे आणि तो माणूस म्हणून बेकनला मुहम्मद (स.) सुचले. त्या काळच्या युरोपात प्रेषितांबद्दल असंच बोललं जाई. बेकननं काही वेगळं केलं नाही.

आता हे कुणाबद्दल म्हटलं गेलं ते बघा. मक्केतल्या लोकांची एक मागणी कुरआनात नोंदलेली आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये ९० ते ९३ या आयतींत ती येते. जमिनीतून झरा काढून दाखव, खजुरांची आणि द्राक्षांची बाग उभी कर, आकाशाचे तुकडे पाड, सोन्याचं घर आण, आभाळात चढून दाखव, मग आम्ही मानू. यावर प्रेषितांनी द्यायचं उत्तर तिथंच सांगितलं आहे. त्याचा आशय इतकाच, की मी एक माणूस आहे, निरोप घेऊन आलेला. डोंगर हलवण्याचा उल्लेखही कुरआनात आहे, सूरह रअदमध्ये. तिथंही सांगणं हेच, की असे चमत्कार दाखवून कुणाला ईमान यायचं नसतं.

दुसरा प्रसंग बुखारीच्या संग्रहात आहे. प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला. नेमकं त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, प्रेषितांच्या लेकरासाठी सूर्यानंही तोंड झाकलं. बेकनला हवा असलेला भोंदू असता, तर त्याला याहून चांगली संधी कुठली मिळाली असती? काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. पण पोटचं मूल गेलेल्या बापानं त्या दुःखातही लोकांना समजावलं, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कुणाच्या मरणानं किंवा जगण्यानं त्यांना ग्रहण लागत नाही.

चालून आलेला चमत्कार ज्यानं नाकारला, त्याच्याच नावावर फसलेला चमत्कार चिकटला. आणि तो आता जगभरच्या परीक्षांत दोन गुणांना विचारला जातो.

यात आणखी एक गंमत आहे. तुर्कस्तानात अशीच गोष्ट मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर सांगतात. मुल्ला झाडाला हाका मारतो, झाड येत नाही. मग तोच झाडाकडे निघतो आणि म्हणतो, औलियांना गर्व नसतो. ‘डोंगर चालत नसेल तर दरवेश चालतो’ अशा अर्थाची म्हणही तुर्कीत आहे. म्हणजे पीर-फकिरांच्या बडेजावावर हसणं मुसलमानांना वर्ज्य नव्हतं. पण मुल्ला नसरुद्दीनची गोष्ट सांगणारा स्वतःवर हसतो. बेकन दुसऱ्यावर हसला. गोष्ट जवळजवळ तीच, पण ती कोण कुणाबद्दल सांगतो यावर सगळं अवलंबून आहे.

त्या मुलीला मी सांगितलं, पेपरात उजव्या रकान्यातला अर्थच लिही, गुण त्यालाच मिळतात. आज हा वाक्प्रचार वापरणाऱ्या इंग्रजाच्या मनात प्रेषितांचा अपमान नसतो, त्याला मुळातली गोष्ट माहीतही नसते. म्हणून चिडायचं कारण नाही. मात्र वहीत एक तिसरा रकाना आख. त्यात लिही, हे आलं कुठून.

तेव्हापासून मी सगळ्याच मुलांना तो तिसरा रकाना आखायला सांगतो. आणि तो भरू लागलं, की इंग्रजीत आपलं घर किती ठिकाणी सांडलेलं आहे ते दिसतं.

सगळंच काही दुखरं नाही. बुद्धिबळातला ‘चेकमेट’ घ्या. तो ‘शाह मात’वरून आला. फारसीच्या अंगानं अर्थ लावला तर राजा हतबल झाला, अरबीच्या अंगानं लावला तर राजा मेला. इंग्रजीत तो फ्रेंचमधून गेला, मराठीत थेट आला. आपण शह देतो, काटशह देतो, संकटावर मात करतो. संकटावर मात करताना आपण फारसी-अरबी बोलतो आहोत, असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि यायची गरजही नाही. शब्द इतका घरचा झाला, की त्याचा माहेरचा पत्ता विचारायला कुणी जात नाही.

‘ओपन सेसमी’ म्हणजे बंद दार झटक्यात उघडणारी युक्ती. ‘द जिनी इज आउट ऑफ द बॉटल’ म्हणजे बाहेर पडलेली गोष्ट आता पुन्हा आत कोंबता येणार नाही. हे दोन्ही आले ‘अलिफ लैला’मधून. ‘अलिफ लैला’ युरोपात नेली अंत्वान गालाँ या फ्रेंच माणसानं, १७०४ पासून पुढच्या काही वर्षांत. त्यातली गंमत अशी, की अलीबाबा आणि अल्लाउद्दीन या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हत्याच. गालाँला त्या १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या तरुणानं सांगितल्या. तो सीरियातल्या अलेप्पोचा, धर्मानं ख्रिस्ती. जिला सारं जग मुसलमानांची गोष्ट समजतं, ती एका अरब ख्रिश्चनानं सांगितलेली आहे. मराठीत हीच हाक ‘तिळा तिळा दार उघड’ झाली. आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टींच्या मराठी पुस्तकाला दिलेलं ‘सुरस व चमत्कारिक’ हे विशेषण आपण आजही पुढाऱ्याच्या आश्वासनांना लावतो. म्हणजे पुस्तकाच्या नावाचाच वाक्प्रचार झाला.

‘इन मुफ्ती’ म्हणजे गणवेश सोडून साध्या कपड्यांत. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हा शब्द उचलला. ड्यूटी संपल्यावर ते सैल झगा, गोंड्याची टोपी आणि सपाता घालून बसत. नाटकातला मुफ्ती तसाच दिसे, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. फतवा देणारा विद्वान राहिला बाजूला, उरला त्याचा झगा. आज इंग्लंडच्या शाळांत मुलं ‘मुफ्ती डे’ला जीन पँट घालून येतात. ‘पर्दा’ शब्दाचंही असंच झालं. ब्रिटनमध्ये निवडणुकीच्या आधी सरकारी घोषणांवर बंधनं येतात. आपल्या आचारसंहितेसारखा तो काळ. त्याला तिथं ‘पर्दा’ म्हणतात. सरकार बुरख्यात गेलं, असा भाव. यावर चिडण्यापेक्षा मला हसूच येतं.

नाशिकजवळच्या देवळालीची गोष्ट तर मुलांना फार आवडते. इंग्रजीत ‘टू गो डुलॅली’ म्हणजे वेडं होणं. देवळालीत गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तिथं मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत राहत. जहाजं ठरावीक मोसमातच सुटत, त्यामुळे कधी कधी महिनोन्‌महिने काढावे लागत. काम नाही, ऊन डोक्यावर, दारू हाताशी. काहींची डोकी फिरत. त्याला शिपाई ‘डुलॅली टॅप’ म्हणू लागले. हा टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. आमच्या भागातल्या मुलांना रेल्वेनं जाता येईल अशा गावाचं नाव लंडनमध्ये वेडेपणासाठी वापरतात, हे कळल्यावर त्यांना इंग्रजी जरा कमी परकी वाटते.

आणि घरी जायला आसुसलेल्या त्याच शिपायांनी आपल्या देशाला नाव दिलं ‘ब्लायटी’. ते ‘विलायती’वरून आलं. विलायत शब्द अरबी. आपण इंग्लंडला विलायत म्हणत होतो. हिंदुस्थानी माणसाच्या तोंडचं आपल्या देशाचं नाव गोऱ्यानं उचललं आणि आईच्या आठवणीनं तेच नाव घेऊ लागला. पहिल्या महायुद्धात तर घरी पाठवलं जाईल इतपत जखम झाली, की तिला ‘ब्लायटी वन’ म्हणत. मराठीत मात्र विलायती म्हणजे चिंच आणि दारू.

मक्केबद्दलही सांगायला हवं. इंग्रजीत ‘द मक्का ऑफ क्रिकेट’ म्हणजे लॉर्ड्सचं मैदान. ‘अ मक्का फॉर शॉपर्स’ म्हणजे खरेदीला जिथं झुंबड उडते ते ठिकाण. काही मुसलमानांना हे खटकतं. नाचघरांना आणि बिंगोच्या अड्ड्यांना ब्रिटनमध्ये हे नाव लागलं, तेव्हा ते खटकण्यासारखं होतंच. पण वाक्प्रचार म्हणून मला त्यात मान दिसतो. जन्मात एकदा तरी जावं असं ठिकाण, एवढी एक गोष्ट तरी इंग्रजीला बरोबर कळली. आणि मराठीनं काय केलं बघा. मराठी क्रीडापानावर लॉर्ड्स ही ‘क्रिकेटची मक्का’ नसते, ‘क्रिकेटची पंढरी’ असते. कोल्हापूर कुस्तीची पंढरी असतं. कुणा अनामिक उपसंपादकानं इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आणताना शब्द सोडला आणि भाव धरला. हजला निघालेल्या माणसाला स्टेशनवर पोचवायला सारा गाव येतो आणि वारीहून आलेल्याच्या पाया पडायला सारी आळी जमते, हे एकच आहे, हे त्याला ठाऊक होतं. भाषांतर कसं करावं हे शिकवताना मी नेहमी हेच उदाहरण देतो.

आता दुखरी जागा. ‘हॉबसन-जॉबसन’ हा एका शब्दकोशाचा मथळा आहे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द गोळा करून तो केला. १८८६ साली तो निघाला, तेव्हा बर्नेल हयात नव्हता. कोश अफाट आहे. त्यातलं पान उघडलं की तास कसा जातो कळत नाही. पण त्याचं नाव कुठून आलं? मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत लोक ‘या हसन, या हुसैन’ म्हणत. गोऱ्या शिपायांच्या कानांना ते ‘हॉबसन-जॉबसन’ ऐकू आलं. जणू दोन साहेबांची आडनावं. यूलला कोशासाठी लक्षात राहील असं नाव हवं होतं, त्यानं हे घेतलं. पुढे परका शब्द आपल्या जिभेच्या वळणावर बसवण्याच्या प्रकारालाच इंग्रजी भाषाशास्त्रात ‘हॉबसन-जॉबसन’ म्हणू लागले.

करबलाच्या मैदानात हिजरी ६१ साली मोहरमच्या दहाव्या दिवशी, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, प्रेषितांच्या नातवाला आणि त्याच्या मूठभर माणसांना तहानेनं व्याकूळ करून मारलं गेलं. त्याच्या नावानं शतकानुशतकं जो टाहो फोडला जातो, तो गोऱ्याच्या कानात गेला आणि बाहेर येताना विनोद होऊन आला. त्यात द्वेष नव्हता. नुसतं ऐकलं नव्हतं. काही वेळा तेच जास्त लागतं.

पण थांबा. हे फक्त इंग्रजांनी केलं असं समजू नका. आपल्या मराठीत ‘ताबूत थंडावले’ हा वाक्प्रचार आहे. निवडणुकीचा प्रचार संपला, की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘प्रचाराचे ताबूत थंडावले.’ मोहरमच्या शेवटी ताबूत पाण्यात शिरवतात, त्याला ताबूत थंडे करणं म्हणतात. ज्या महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनाला भिडणारे ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात, ज्याच्या गावोगावी पंज्यांना पाटलाच्या घरचा मान असतो, त्या महाराष्ट्रानं हा शब्द दिला आहे. अर्थात मराठीनंही शोकाचा गलबला केला, पण ताबूत म्हणजे काय आणि थंडं करणं म्हणजे काय, हे त्या बोलणाऱ्याला माहीत होतं. तो त्या मिरवणुकीत होता. हॉबसन-जॉबसन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाचा शब्द आहे, ताबूत थंडावणं हा खांदा दिलेल्या माणसाचा. म्हणून एक बोचतो, दुसरा बोचत नाही. नव्या पिढीतल्या कितीजणांनी ताबूत पाहिलेला आहे, हा प्रश्न मात्र आहेच. पाहिला नसेल, तर तेही हळूहळू रस्त्याच्या कडेलाच जाऊन उभे राहतील.

तिसऱ्या रकान्यात सगळ्यात अवघड जोडी मुलं स्वतःच आणतात. ‘क्रुसेड’ आणि ‘जिहाद’. इंग्रजीत ‘टू लाँच अ क्रुसेड अगेन्स्ट’ म्हणजे एखाद्या वाईट गोष्टीविरुद्ध नेटानं मोहीम उघडणं. भ्रष्टाचाराविरुद्ध क्रुसेड, हुंड्याविरुद्ध क्रुसेड. पाठ्यपुस्तकात समाजसुधारकाला क्रुसेडर म्हणतात. हा शब्द आला क्रुसावरून. १०९५ साली पोप दुसऱ्या अर्बननं हाक दिली आणि १०९९ साली ती फौज जेरुसलेममध्ये शिरली. तिथं मुसलमानांची आणि यहुद्यांची जी कत्तल झाली, ती ख्रिस्ती इतिहासकारांनीच लिहून ठेवली आहे. तरीही शब्द धुतला गेला. आयसेनहॉवरनं दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या आठवणींना १९४८ साली ‘क्रुसेड इन युरोप’ असं नाव दिलं. १६ सप्टेंबर २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढाईला क्रुसेड म्हटलं, तेव्हा कुठे लोकांना त्या शब्दावरचे जुने डाग दिसले आणि व्हाइट हाऊसला खुलासा करावा लागला.

जिहादचा प्रवास उलट्या दिशेनं झाला. मूळ अर्थ झटणं, कष्टानं प्रयत्न करणं. त्यात लढाईही येते, हे नाकारण्यात अर्थ नाही, पण लढाई म्हणजेच जिहाद असं नाही. अरब देशांत जिहाद हे मुलाचं नाव असतं, काही ख्रिस्ती घरांतही. मराठीत ‘जुलमाविरुद्ध जिहाद पुकारला’ असं सहज लिहिलं जाई, आणि लिहिणारा मुसलमान असायची गरज नसे. आज लव्ह, लँड, व्होट अशा कुठल्याही शब्दाला जिहाद चिकटवला की बातमी तयार होते. त्या जोडशब्दात जिहादचा अर्थ एवढाच उरतो, की मुसलमानानं केलेलं काहीही. प्रेम केलं तरी, जमीन घेतली तरी, मत दिलं तरी.

मग माझ्यापुढे बसलेल्या मुलानं निबंधात ‘माय क्रुसेड अगेन्स्ट डाउरी’ लिहिलं तर मी शाबासकी देतो. त्यानं ‘माय जिहाद अगेन्स्ट डाउरी’ लिहिलं तर? व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, मूळ अर्थाच्या दृष्टीनं तर क्रुसेडपेक्षा जास्त बरोबर. तरीही मी ते लिहू देणार नाही. तपासणारा कोण असेल, तो पेपर कुणाच्या हाती पडेल, कोण त्याचा फोटो काढील, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे येतं. भाषेचा शिक्षक म्हणून मला हे सांगायला फार जड जातं, की बाळा, हा शब्द तुझ्या आजोबांचा आहे, अर्थ तुला नीट कळला आहे, पण तू तो वापरू नकोस. वाक्प्रचाराच्या पुस्तकात ही सूचना कुठेच छापलेली नसते. आपल्या प्रत्येक आईबापाला मात्र ती तोंडपाठ असते.

इंग्रजीच्या निमित्तानं मुलं मग मराठीकडे वळतात. ‘दाढी कुरवाळणे’ याचा अर्थ जुन्या पद्धतीनं लाडीगोडी लावणं. राजकारणात त्याचा अर्थ झाला मुसलमानांचे लाड करणं. कुरवाळण्याएवढं काय मिळालं, असं दाढीला कुणी विचारत नाही. आमच्या मोहल्ल्यात गटारं तुंबलेली असतात, शाळेच्या वर्गात पंखा नसतो, बँक कर्ज देताना पत्ता बघते. तरी भाषणात कुरवाळली जाते ती आमचीच दाढी. वस्तीला ‘मिनी पाकिस्तान’ म्हणणं हाही आता वाक्प्रचारच झाला आहे. रिक्षावाला सहज बोलून जातो, त्याच्या मनात काही नसतं. आणि ‘मियाँ मूठभर, दाढी हातभर’वर तर आम्हीही खळखळून हसतो, कारण असे मियाँ आमच्या ओळखीचे आहेत.

इथं तराजूचं दुसरं पारडंही बघितलं पाहिजे. आपल्या घरांत काय बोललं जातं? लांबलचक रडगाण्याला आपण ‘रामकहानी’ म्हणतो. सरदारजींच्या बारा वाजण्यावर आपणही हसतो. नको तितकी विचारपूस करणाऱ्याला मराठी मुसलमानही ‘चांभारचौकशा’ करू नकोस म्हणतो, आणि चांभाराच्या मुलाला शेजारच्या बाकावर काय वाटत असेल हे त्याच्या गावी नसतं. बिरादऱ्यांचं तर विचारूच नका. कसाई, पिंजारी, जुलाहा हे कष्टाचे धंदे आहेत, पण सोयरीक मोडताना तेच शब्द शिवीसारखे येतात. ज्या दीनमध्ये सारे एका सफेत उभे राहतात, त्याच्या माणसांच्या तोंडी हे वाक्प्रचार आहेत. बेकनचा हिशेब मागायचा, तर आपलीही वही उघडी ठेवावी लागेल.

याचा अर्थ प्रत्येक शब्दावर पहारा बसवावा, असं मी म्हणत नाही. अशानं भाषा मरते. वाक्प्रचार लोक घडवतात, समित्या नाहीत. ‘चेकमेट’मधला राजा कधीच मेला, त्याचा शोक करायचं कारण नाही. ‘मुफ्ती डे’विरुद्ध निवेदन द्यायला मी जाणार नाही. डोंगराची म्हणही चालू राहील, आणि तिचा आजचा अर्थ तर असा आहे, की ताठा सोडून समोरच्याकडे आपणच चालत जावं. बेकनला काय म्हणायचं होतं ते लोक विसरले आणि नकळत त्यांनी ती म्हण प्रेषितांच्या स्वभावाच्या जवळ आणून ठेवली. असंही घडतं.

मला काळजी आहे ती जिवंत माणसाला दुखावणाऱ्या शब्दांची. ज्याच्यावरून वाक्प्रचार झाला तो माणूस आज समोरच्या बाकावर बसलेला असेल आणि त्याला तो ऐकताना मान खाली घालावी लागत असेल, तर उजव्या रकान्यातला अर्थ पाठ करून भागत नाही. तिथं तिसरा रकाना हवाच. त्यानं परीक्षेत गुण वाढत नाहीत. पण मुलगी ‘असेल कुठेतरी’वर थांबत नाही, शोधते. शोधणारं मूल चिडत कमी आहे आणि भीत तर त्याहून कमी आहे, हा माझा अनुभव आहे.

त्याच रकान्यात अलीकडे एका मुलानं स्वतः शोधून एक वाक्प्रचार लिहिला. ‘ट्रस्ट इन गॉड, बट टाय युअर कॅमल.’ देवावर भरवसा ठेव, पण उंट आधी बांधून ठेव. हे मात्र खरंच आपल्याकडचं आहे, तिरमिज़ीच्या हदीस संग्रहातलं. एका माणसानं प्रेषितांना विचारलं होतं, की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? त्याला मिळालेल्या उत्तरातून ही म्हण इंग्रजीत गेली आणि आता ती ख्रिस्ती, यहुदी, नास्तिक सगळेच वापरतात. पाळणाऱ्याचा धर्म उंट विचारत नाही.

डोंगराची म्हण प्रेषितांच्या नावावर खोटी चढली, उंटाची खरी असून त्यावर त्यांचं नाव नाही. दोन्ही वहीत शेजारी शेजारी आहेत. मुलानं दोन्हींपुढे कुठून आलं ते नीट लिहिलं आहे. मी खाली सही केली आणि पुढचा वाक्प्रचार घेतला.